पांढऱ्या माउंटवरचा टाका

"डोळ्याला हात लावलास ना तू?"

"हात नाही लावला, वन्सं. चिमटा लावला."

"चिमटा! आणि सांगतेयस कशी, जसं काही बरणीचं झाकण उघडलं!"

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. आणि चिमटा उकळून घेतला होता."

"अगं, डोळा आहे तो! उकडलेला बटाटा नाही, चिमट्यानं उचलायला."

"बटाटा चिमट्यानं कोण उचलतं?"

"विषय बदलू नकोस, वहिनी!"

फ्रेमच्या दुकानामागची खोली. मधोमध काच कापायचं टेबल, भिंतीला टेकून उभ्या लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात काचांची चवड. टेबलावर पांढऱ्या माउंटचा, म्हणजे चित्राभोवती लावायच्या पुठ्ठ्याचा, तळहाताएवढा तुकडा आणि त्याच्यावर धरलेलं भिंग. नणंद सकाळचा चहा द्यायला आत आली होती. तिनं सहज भिंगातून डोकावून पाहिलं, तर एक काळा केस दिसला. केसाहूनही बारीक, धनुष्यासारखा वाकलेला, एका टोकाला गाठीचा ठिपका. हा केस म्हणजे वहिनीच्या डोळ्यातला टाका, हे कळायला तिला चहा थंड होईस्तोवर वेळ लागला.

"दोरा काळा, म्हणून पांढरं माउंट घेतलं," वहिनी म्हणाली. "काळ्यावर दिसला नसता."

"हुशार गं बाई! ज्या दोऱ्यानं डॉक्टरांनी तुझा डोळा शिवलाय तो उपसून काढलास, आणि वर माउंट कुठल्या रंगाचं घ्यावं याचाही विचार केलास."

"एकच दोरा. बाकीचे आहेत जागेवर. हा तुटला होता. त्याचं टोक वर आलं होतं, पापणीला टोचत होतं. तुटलेला टाका धरणार काय?"

"हे तू ठरवणार?"

"आयुष्यभर दोरेच ताणलेत मी, वन्सं."

हे मात्र खरं होतं.

गल्लीत वहिनीला सगळे काटकोनबाई म्हणतात. तोंडावरसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हा दुकान सासऱ्यांचं होतं. नवऱ्याला चार भिंतींत कोंडून घ्यायची चीड, त्यामुळे तो लांब पल्ल्याचे ट्रक चालवायला निघून गेला आणि अजूनही मधूनमधून पाहुण्यासारखा उगवतो. नणंदेनं लग्न केलं नाही. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून काउंटर तिच्याकडे. पण साधा खिळा ठोकायचा तर ती आधी डोळे मिटते. राहता राहिली सून. सासऱ्यांनी तिला एकदा पट्टी कापताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या तिरप्या कापायचा कटर तिच्या स्वाधीन केला.

फ्रेमचं सगळं मर्म कोपऱ्यात असतं. दोन पट्ट्या तिरप्या कापायच्या, दोन्ही काप तंतोतंत सारखे, तरच चौकटीचा काटकोन होतो. सासरे तयार फ्रेम दिव्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "उजेड येतोय का?" सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की फ्रेम खोलायची, पहिल्यापासून. काटकोनबाई पुढे स्वतःच स्वतःला विचारू लागली. हॉटेलात जेवायला गेली तरी भिंतीवरच्या तसबिरीचा कोपरा नखानं चाचपून यायची. नणंद म्हणायची, "चल आता, आपण इथं जेवायला आलोय, तपासणीला नाही."

आणि दुसरं म्हणजे उघडून पाहणं. लहानपणी तिच्याकडे एक बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटणारी. ते कसे मिटतात हे बघायला हिनं बाहुलीचं डोकं उघडलं. आत एक शिशाचा गोळा निघाला. आईनं धपाटा घातला आणि म्हणाली, "आता झोपव तिला!" ती बाहुली त्यानंतर कायम टक्क जागी. पण हिला गोळा कळला होता, त्यातच ती खूश.

डोळे बिघडायला लागले ते हळूहळू. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया. तो घड्याळाच्या काचेसारखा गोलसर हवा. हिचा पातळ होत होत पुढे सुळक्यासारखा आला. प्रत्येक कडेशेजारी भुतासारख्या आणखी कडा दिसायला लागल्या. पट्टी एक, रेघा तीन. कापायचं कुठल्या रेघेवर? कडक लेन्स लावून तिनं पुष्कळ वर्षं रेटलं. पुढे उजव्या पडद्यावर व्रण धरला आणि डाव्या डोळ्याला लेन्स तासाभराच्या वर सोसेना. मग एक दिवस एक गिऱ्हाईक फ्रेम परत घेऊन आलं. काही बोललं नाही, नुसती दिव्यासमोर धरली. कोपऱ्यातून उजेड आला.

त्या दिवशी काटकोनबाईनं कटरवर कापड टाकलं. नणंदेनं काउंटरवर "चार दिवस काम बंद" लिहून लावलं. दोघींनाही माहीत होतं की हे चार दिवसांचं नाही. हिला दिसलं नाही तर हे दुकान म्हणजे नुसती पट्ट्यांची वखार.

डोळ्यांच्या सर्जन बाई होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी सांगितलं की उजव्या डोळ्याचा खराब पडदा मधून गोल कापून काढायचा आणि तिथे दान आलेला तेवढाच तुकडा बसवायचा. दोन्ही काप लेझरनं.

"कुणाचा असतो तो?" काटकोनबाईनं विचारलं.

"ते सांगत नाहीत. एवढंच सांगते, त्याच्या घरच्यांनी रडता रडता का होईना, वेळेवर हो म्हटलेलं असतं."

काटकोनबाईनं नकळत हात जोडले. पण फार वेळ नाही.

"आणि कड? कड कशी कापता?"

"म्हणजे?"

"सरळ उभी, की तिरपी?"

सर्जनबाईंनी चष्मा शोधला, घातला, आणि हातातल्या कागदामागे चित्र काढलं. हातानं कापायचं तर गोल पात्यानं, कड सरळ उभी. तुकडा नुसता भोकात बसतो, टाक्यांच्या भरवशावर. लेझरनं मात्र कडेला नागमोडी खाच पाडता येते. वरून आत उतरताना बाहेर, मग आत, पुन्हा बाहेर. दान आलेल्या तुकड्यालाही तीच आकृती, रुग्णाच्या डोळ्यालाही तीच.

"म्हणजे खिडकी आणि तुकडा एकाच मापानं," काटकोनबाई खुर्चीच्या टोकावर आली. "एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत."

"अगदी."

"म्हणजे कायमचं मस्त दिसणार?"

"तसं मी म्हणणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "सांधा लवकर धरतो. टाके लवकर काढता येतात. पहिल्या काही महिन्यांत नजर कमी वाकडी असते. पण पुढे दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर हातानं कापलेले आणि लेझरनं कापलेले डोळे बरेचसे सारखेच निघतात. चष्मा दोघांनाही लागतो. आणि शरीरानं तुकडा नाकारायची भीती दोन्हीकडे तेवढीच."

"मग एवढं मोठं मशीन कशाला?"

"तुम्ही पट्टी करवतीनं कापता की कटरवर?"

"कटरवर."

"गिऱ्हाइकाला दहा वर्षांनी फरक कळतो?"

"गिऱ्हाइकाला नाही. मला पहिल्या दिवशी कळतो."

सर्जनबाई हसल्या. "मग झालं तर. मलाही कळतो."

शेजारी बसलेल्या नणंदेनं या सगळ्या गप्पांत डोळे घट्ट मिटून घेतले होते.

लेझरनं काटकोनबाईची पार निराशा केली. थंडगार खोली, डोळ्यात बधिर करणारे थेंब, वरून एक कडं डोळ्यावर टेकलं, दाब आला आणि समोरचा दिवा धुरकट होत गेला. यंत्र गुणगुणलं. तिनं टक लावून बघायचं ठरवलं होतं. बघायला काही नव्हतंच.

"झालं," कुणीतरी म्हणालं.

"झालं? कापलं?"

"कापलं."

"अहो, मला काहीच कळलं नाही!"

"तेच तर आमचं कौतुक," सर्जनबाई म्हणाल्या.

तिथून ऑपरेशनच्या खोलीत. डोळ्याशेजारी सुई, डोळा पूर्ण बधिर. खराब तुकडा उचलला, नवा ठेवला, आणि कडेनं टाके. टाके मात्र हातानंच. ती पडल्या पडल्या विचारत होती, "आता कुठल्या बाजूला घालताय? समोरासमोर घालताय ना? एका बाजूनं सगळे ओढत गेलात तर कापड सरकतं."

"बोलू नका. बोललात की डोकं हलतं."

"बरं. पण समोरासमोरच ना?"

"समोरासमोरच!"

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा जग बटरपेपरखाली ठेवल्यासारखं होतं. पण रेघ एक होती. धूसर, पण एक. घरी आल्यावर ती कटरवरचं कापड बाजूला करून त्याच्या पात्याकडे बघत बसली, आणि नणंद तिच्याकडे.

पुढच्या तपासण्यांना काटकोनबाई नटूनथटून जायला लागली, इतकी तिला मजा यायची. पडद्यावर तिच्याच डोळ्याचा रंगीत नकाशा यायचा. जिथे फुगवटा जास्त तिथे लाल, सपाट तिथे निळा. सर्जनबाई म्हणायच्या, "इथं टाके जास्त ताणलेत, म्हणून नजर आडवी ओढली जातेय. यातले दोन काढू." त्यांनी ते काढले, आणि पुढच्या काही दिवसांत दुकानाच्या दाराची चौकट, जी जराशी कलंडलेली दिसायची, ती सरळ झाली.

इथंच काटकोनबाईची चूक झाली. दोरे ताणायचं काम ती स्वतः नीट शिकली होती, म्हणूनच झाली. भरतकाम फ्रेम करायला आलं की ते मागून दोऱ्यांनी ओढून पुठ्ठ्यावर ताणून बसवावं लागतं. एक दोरा जास्त ओढला की भरलेल्या घोड्याचा पाय वाकडा. तो दोरा सैल करा, पाय सरळ. दोरा तुटला तर काढून टाका, लोंबता ठेवू नका. डोळ्यातही अगदी हेच चालू होतं, तिनं प्रत्यक्ष बघितलं होतं. त्यामुळे पापणीला टोचायला लागलं, मोठं दाखवणाऱ्या आरशात तुटक्या टाक्याचं टोक दिसलं, तेव्हा तिचा हात आपोआप त्या चिमट्याकडे गेला. काचेखाली अडकलेला धागा काढायचा तो चिमटा. टाका अलगद आला. दुखलंही नाही.

दुखायला लागलं ते नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे नणंदेनं भिंगातून डोकावलं त्या सकाळी.

"जोरात बोलताना तू डोळा का मिटतेस गं?" भांडणाच्या मध्येच नणंदेनं विचारलं.

"उजेड टोचतोय जरा."

"लाल झालाय."

"झोप नाही झाली."

नणंद भिंतीपाशी गेली. तिनं भिंतीवरचा गुण्या काढला, तोच लोखंडी काटकोन, ज्यानं प्रत्येक फ्रेम तपासली जाते. वहिनीचा डावा डोळा आपल्या तळहातानं झाकला आणि गुण्या तिच्या नाकासमोर धरला.

"काय दिसतं?"

"गुण्या आहे, मला माहीत आहे."

"माहीत काय आहे ते नाही विचारलं. दिसतं काय?"

वहिनीनं मान पुढे नेली, मागे घेतली.

"धुकं," काटकोनबाई म्हणाली.

नणंदेनं गुण्या खाली ठेवला. आवाज एकदम बारीक. "चप्पल घाल."

सर्जनबाईंनी मशीनमधून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. या वेळी डोक्यावर नाही.

"टाका कुणी काढला?"

"मी."

"कशानं?"

"चिमट्यानं. उकळून घेतला होता."

"चिमटा उकळलात. टाका उकळला होतात?" त्या म्हणाल्या. "तुटक्या टाक्याचं टोक बाहेर येतं ना, त्याला डोळ्यातली घाण चिकटते. आम्ही काढतो तेव्हा ते टोक आतून जाणार नाही अशा बाजूनं ओढतो. तुम्ही ते सांध्यातून ओढत नेलंत. आणि तुटला तेव्हाच यायचं होतं. तुटका टाका नुसता पडून राहिला तरी डोळा सुजतो. आता नव्या तुकड्याला सूज आहे. शरीराला आठवलंय की हे आपलं नाही."

काटकोनबाईचा चेहरा उतरला होता. तरी प्रश्न आलाच. "मग इतके महिने कसं नाही आठवलं?"

नणंद फिसकारली, "वहिनी, गप्प बस!"

पण सर्जनबाईंनी उत्तर दिलं. "या पडद्यात रक्त येत नाही. शरीराचे पहारेकरी रक्तातून फिरतात. इथं त्यांना यायला गल्लीच नाही, म्हणून परका तुकडा सुखानं राहतो. सैल टाका, घाण, सूज म्हणजे त्यांना गल्ली पाडून देणं."

"म्हणजे टाका नुसता ताण नाही."

"नाही. टाका दारसुद्धा आहे."

"राहील का हा तुकडा?"

"आज सांगता येणार नाही. लवकर आलात, ही जमेची बाजू. तासातासाला औषध. सगळं नीट केलंत तर पुष्कळदा सूज उतरते. कधी नाही उतरत." त्या थांबल्या. "पण मला एक सांगा. टोचत होतं तर फोन का नाही केलात?"

काटकोनबाईला खोटं बोलता आलं असतं. गिऱ्हाईक होतं, गाडी मिळाली नाही, काहीही.

"बघायचं होतं," ती म्हणाली. "एवढ्याशा दोऱ्यानं दाराची चौकट सरळ होते. तो दिसतो कसा, ते बघायचं होतं."

सर्जनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या होत्या हे नक्की. मग त्या इतकंच म्हणाल्या, "मागितला असतात तर काढून हातात दिला असता."

त्यानंतरचे दिवस दोघींनी थेंबांवर काढले. काउंटरवरचं घड्याळ वाजलं की नणंद तयार फ्रेम घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बोट दाखवून थांबवायची, हात धुवायची, आत यायची. वहिनीची मान मागे, बाटली वर, आणि नेमक्या क्षणी नणंद स्वतःचे डोळे मिटायची.

"गालावर पडला!"

"मग तू हललीस."

"मी नाही हलले. तुम्ही बघतच नाही!"

"मला नाही बघवत. तुझ्यासारखी नाही मी, डोळ्यात डोकावून करमणूक करून घ्यायला."

शेवटी नणंदेनं एका डोळ्यावर समझोता केला. एक मिटायचा, एक उघडा ठेवायचा. थेंब जागेवर पडायला लागले.

आणि रोज सकाळी गुण्या. डावा डोळा झाकलेला, समोर लोखंड.

"काय दिसतं?"

"धुकं."

दुसऱ्या दिवशीही धुकं. मग "धुकं, पण काहीतरी काळं आहे." मग बरेच दिवस तेच काळं. नणंद गुण्या खाली ठेवताना तोंड फिरवून घ्यायची. कटरवरचं कापड आता कुणीच उचलत नव्हतं. नवऱ्याचा वाटेतून फोन आला, तर दोघींनी एकाच वेळी सांगितलं, "सगळं ठीक आहे," आणि फोन ठेवल्यावर एकमेकींकडे बघितलं नाही.

मग एका सकाळी काटकोनबाईनं मान तिरकी केली.

"काय दिसतं?" नणंदेनं तोंड आधीच फिरवलं होतं.

"वन्सं, गुण्या सरळ धरा की. वाकडा धरलाय."

नणंदेनं गुण्या टेबलावर आपटला आणि मटकन खुर्चीत बसली. मग रडत रडत म्हणाली, "मेले, मी मुद्दाम वाकडा धरला होता." तो मुद्दाम धरला नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

तुकडा राहिला. अगदी पहिल्यासारखा नाही. खालच्या कडेला एक धुरकट पट्टा उरला, जिन्यावरून उतरताना तो मध्ये येतो. चष्मा लागला, तो कायमचा. सर्जनबाईंनी नकाशा दाखवून सांगितलं की एकदा आठवण झालेलं शरीर पुन्हा विसरेलच असं नाही. थेंब चालू राहतील, लाल झालं, टोचलं, धूसर झालं की त्याच दिवशी यायचं. टाके अजून काही बाकी आहेत.

काटकोनबाईनं कटरवरचं कापड काढलं. पहिली फ्रेम तिनं चार वेळा खोलली. पाचव्यांदा दिव्यासमोर धरली. उजेड आला नाही. नणंदेनं काउंटरवरचा "चार दिवस काम बंद"चा कागद उतरवला. तो इतके दिवस चिकटून होता की त्याच्या जागी काउंटरला चौकोन उमटला. चौकोनही जरा तिरका.

चिमटा आणि भिंग मात्र नणंदेच्या ताब्यात. हवं असेल तेव्हा मागायचं, काम सांगायचं, झालं की परत द्यायचं. आणि नणंद उभी राहून बघणार, एक डोळा उघडा ठेवून.

थंडीच्या एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. काटकोनबाई काच पुसत होती. तिनं हातातलं फडकं ठेवलं. पापणी दोनदा मिटली, उघडली. त्या मोठं दाखवणाऱ्या आरशाकडे गेली, चेहरा जवळ नेला.

नणंद काउंटरवरून बघत होती. "काय झालं?"

काटकोनबाईनं आरसा उजेडाकडे वळवला.

"वहिनी, टोचतंय का? आरसा सोड. चिमटा माझ्याकडे आहे, लक्षात ठेव. मी देणार नाही!"

काटकोनबाई आरशापासून मागे झाली. तिनं चष्मा पुसून घातला, खुंटीवरची पिशवी घेतली. मग पुन्हा आत वळली. टेबलाखालच्या कातरणांतून पांढऱ्या माउंटचा एक छोटा तुकडा काढला, कड बोटानं तपासली, आणि तो रुमालात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला.

"अगं, चाललीस कुठे? काउंटरवर माणूस उभा आहे, त्याचं माप घ्यायचंय! आणि ते पांढरं माउंट कशाला घेतेस?"

"टाका मागायला," म्हणत काटकोनबाईनं चपला घातल्या आणि ती दवाखान्याच्या दिशेनं निघाली.